चिमण्या आणि एक पत्र

काही जण म्हणतात की एकाच खमक्या माणसाच्या हाती सगळी सत्ता दिली तर कामं झपाट्याने होतात. होतात, हे मान्य. वर्षानुवर्षं अडलेले कालवे, रखडलेले रस्ते बघून मलाही कधीकधी तसंच वाटतं, खोटं कशाला बोलू? पण वेग चुकीच्या दिशेलाही तेवढाच असतो.

१९५८ चा चीन घ्या. चिमण्या धान्य खातात म्हणून तिथले सर्वोच्च नेते माओ यांनी त्या मारायला लावल्या. लोकांनी थाळ्या, डबे बडवून त्यांना कुठे बसूच दिलं नाही. थकून त्या खाली पडत. पण चिमण्या किडेही खात, त्यामुळे पुढे किडे वाढले, आणि १९६० मध्ये मारायच्या प्राण्यांच्या यादीतून चिमण्यांचं नाव गुपचूप काढून ढेकणांचं घातलं गेलं. तोवर खालचे अधिकारी भरघोस पिकाचे खोटे आकडे वर पाठवत होते. त्या आकड्यांवर सरकारी वसुली ठरे, म्हणून शेतकऱ्याच्या घरचं खायचं धान्यही उचललं गेलं.

१९५९ मध्ये संरक्षणमंत्री पेंग देहुआई यांनी माओंना खाजगी पत्र लिहून हे सांगितलं. क्रांतीपासूनचा जुना सहकारी! त्यांचं मंत्रिपद गेलं. त्यानंतर कोण बोलणार? या सगळ्यातून पडलेला दुष्काळ १९६१ पर्यंत चालला. मृतांचे अंदाज दीड ते साडेचार कोटींच्या दरम्यान आहेत.

माओ दुष्ट होते की भाबडे, हा वाद मला दुय्यम वाटतो. पेंग यांचं पत्र वाचून माओंना थांबायला भाग पाडेल अशी संसद, न्यायालय, वर्तमानपत्र, काहीच तिथे उरलेलं नव्हतं.