मदत हवी आहे: लिनक्सवर पीएनएफएस (समांतर एनएफएस) सर्व्हर लावायला आज कोणती वाट चालू आहे?

नमस्कार मंडळी,

आमच्या विभागात हवामानाच्या मॉडेलची गणितं चालतात. सगळ्या फायली एकाच एनएफएस (नेटवर्कवरून फायली देण्याची पद्धत) सर्व्हरवर आहेत. गणिताची यंत्रं एकदम वाचायला लागली की त्याचं नेटवर्क तुंबतं. काही धडधाकट जुनी यंत्रं पडून आहेत, त्यांच्यावर डेटा वाटून ठेवायचा विचार आहे. क्लायंटने मुख्य सर्व्हरला फक्त फाइल कुठे आहे ते विचारायचं आणि थेट त्या यंत्राकडून वाचायचं. एनएफएस ४.१ मधलं पीएनएफएस नेमकं हेच करतं.

त्याचं मानक, आरएफसी ५६६१, येऊन जमाना झाला (जानेवारी २०१०), लिनक्सचा क्लायंटही तयार आहे. पण सर्व्हरसाठी शोधलं की एसपीएनएफएसची (अशा सर्व्हरचा एक जुना प्रयत्न) जुनी माहिती समोर येते आणि त्याचे पॅच आजच्या कर्नलवर (लिनक्सच्या गाभ्यावर) लागत नाहीत. ऑब्जेक्ट लेआउटचा (लेआउट म्हणजे डेटा कुठे, कसा ठेवलाय ते क्लायंटला सांगायची पद्धत) ड्रायव्हर तर २०१७ मध्ये कर्नलमधून काढूनच टाकला. एखादं काम सोडून दिलं असेल तर तसं त्याच्या पानावरच ठळक लिहायला हवं, नव्या माणसाचे आठवडे वाया जातात.

कर्नलच्या स्वतःच्या सर्व्हरने हे जमेल का? नसेल तर दुसरं काय वापरता?

प्रतिसाद १

एसपीएनएफएसचा नाद सोडा, ते मुख्य कर्नलमध्ये कधी गेलंच नाही. कर्नलच्या सर्व्हरमध्ये पूर्ण झालेलं काम म्हणजे ब्लॉक लेआउट (४.० पासून, २०१५) आणि स्कझी लेआउट (४.६, २०१६). दोन्ही एक्सएफएस फाइलसिस्टिमवर चालतात, पण क्लायंटला तीच डिस्क थेट दिसावी लागते. सॅन (अनेक यंत्रांना त्याच डिस्क थेट जोडणारं नेटवर्क) नसेल तर तुमच्या उपयोगाचं नाही. कर्नलच्या कॉन्फिगमध्ये फ्लेक्सफाइल्स लेआउटचाही पर्याय दिसेल, त्याला भुलू नका. तो क्लायंट तपासण्यापुरता आहे आणि डेटा वाटला जातच नाही, कारण मेटाडेटा (फायलींबद्दलची माहिती) आणि डेटा दोन्ही त्याच एका यंत्रावर राहतात.

प्रतिसाद २

डीकॅश बघा. जर्मनीतली डेझी आणि अमेरिकेतली फर्मीलॅब या प्रयोगशाळांनी कणभौतिकीच्या डेटासाठी उभं केलेलं आहे. अनेक साध्या यंत्रांवर फायली ठेवतं आणि लिनक्सच्या नेहमीच्या क्लायंटला पीएनएफएसने देतं. अट एकच, पण मोठी: फाइल एकदा लिहून बंद केली की तिच्यात बदल करता येत नाही. तुमच्या फायली नंतर बदलतात का?

मूळ प्रश्नकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. मॉडेलचं आउटपुट एकदा लिहिलं की आम्ही ते फक्त वाचतो. बदल होतात ते स्क्रिप्ट आणि सेटिंगच्या फायलींत, त्या जुन्या सर्व्हरवरच ठेवता येतील. डीकॅशच्या नेमस्पेससाठी (फायलींची नावं आणि जागा यांची नोंद) पोस्टग्रेस लागतं असं दिसतंय. तो डेटाबेस वेगळ्या यंत्रावर ठेवावा, की मुख्य नोडवरच एसएसडीवर चालेल?

प्रतिसाद २

तुमच्या आकाराला मुख्य नोडवर चालेल. फक्त त्या डेटाबेसचा रोजचा बॅकअप दुसऱ्या यंत्रावर जाऊ द्या. डेटाबेस गेला तर डिस्कवर डेटा राहील, पण कोणती फाइल कुठली ते कळणार नाही.