एसडीआयओ वाय-फाय ड्रायव्हर: फर्मवेअरकडे कॉन्फिग कमांड उलटसुलट पोचतात

बर्डी_कर्नेल, नागपूर
चार कोअरच्या आर्म बोर्डावर एसडीआयओ (एसडी कार्डाच्या बसवरून जोडलेली) वाय-फाय चिप आहे, ड्रायव्हर मॅक८०२११ (लिनक्स कर्नेलचा वाय-फाय थर) वर. बीएसएस_इन्फो_चेंज्ड (जोडणीची माहिती बदलली की मॅक८०२११ ड्रायव्हरला करतो तो कॉल, म्हणजे कॉलबॅक) मध्ये बीएसएसआयडी (अॅक्सेस पॉइंटचा पत्ता), बेसिक रेट आणि असोसिएशन (अॅक्सेस पॉइंटशी जोडणी) यांचे वेगवेगळे वर्क (नंतर चालवायची कामं) करून शेड्यूल_वर्क ने कर्नेलच्या रांगेत टाकतो. सस्पेंडमधून उठल्यावर असोसिएशनची कमांड बीएसएसआयडीच्या आधी पोचते आणि फर्मवेअर (चिपमधला प्रोग्राम) ती नाकारतं. एकाच कोअरवर चालवलं तर असं दिसत नाही. शिवाय फोर-वे हँडशेक (एन्क्रिप्शनची की ठरवणारी चार संदेशांची देवाणघेवाण) अधूनमधून अडकतो. परसोडीच्या आयटी पार्कमध्ये क्वचित, पण सीताबर्डीत, जिथे चॅनेल १, ६, ११ तिन्ही गच्च असतात, तिथे वारंवार. दोन्हीचं मूळ एकच का? कमांडच्या मध्ये एमस्लीप (काही मिलिसेकंद थांबवणारा कॉल) घालणं पटत नाही.

अंबाझरी_ड्रायव्हर
एमस्लीप नकोच भाऊ, आणि ते वर्कही नकोत. बीएसएस_इन्फो_चेंज्ड झोपू शकणाऱ्या संदर्भातच (जिथे थांबून वाट बघता येते) बोलावलं जातं, आणि मॅक८०२११ हे कॉलबॅक एकामागून एकच देतो. हा आयता क्रम शेड्यूल_वर्क मोडतं. वेगळे वर्क वेगळ्या कोअरवर एकदम धावतात. एका कोअरवरही पहिला वर्क झोपला की दुसरा सुरू होतो, त्यामुळे त्या निकालावर विसंबू नका. आणखी एक धोका: वर्क आधीच रांगेत असेल तर दुसऱ्यांदा टाकलेला धरलाच जात नाही. असोसिएशन तुटून लगेच पुन्हा झालं, तर तुटल्याचं फर्मवेअरला कळतच नाही.

कमांड कॉलबॅकमधूनच पाठवा, उत्तर येईपर्यंत थांबा, मग पुढची. सेट_टिम आणि एसटीए_नोटिफाय हे (अॅक्सेस पॉइंट म्हणून चालताना झोपलेल्या स्टेशनांसाठीचे) कॉलबॅक मात्र झोपू शकत नाहीत. त्यांच्यासाठी एकच ऑर्डर्ड वर्कक्यू (एका वेळी एकच काम, टाकलेल्या क्रमाने चालवणारी रांग) ठेवा आणि रांगेत टाकताना त्या क्षणीच्या मूल्यांची प्रत घ्या.

रिझ्यूमला, म्हणजे सस्पेंडमधून उठताना, क्रम उलटण्याचं कारण वेगळं आहे. तेव्हा मॅक८०२११ सगळी जुनी अवस्था पुन्हा सांगतो आणि असोसिएशन, बेसिक रेट, बीकन इंटरव्हल, बीएसएसआयडी यांचे ‘बदललं’ सांगणारे बिट एकाच कॉलमध्ये येतात. असोसिएशनचा बिट शून्यावा, बीएसएसआयडीचा सातवा. बिटांच्या क्रमाने तपासत गेलात तर असोसिएशन आधी जाणारच. तपासणीचा क्रम फर्मवेअरला हवा तसा लावा: जोडताना बीएसएसआयडी, रेट, इंटरव्हल आणि शेवटी असोसिएशन, तोडताना असोसिएशन सर्वांत आधी.

सक्करदरा_पॅकेट
हँडशेकचं दुखणं निराळं आहे. सप्लिकंट (आपल्या बाजूने हँडशेक करणारा प्रोग्राम) हँडशेकचा शेवटचा संदेश ४ पाठवतो आणि लगेच की बसवायला सांगतो. संदेश डेटाच्या रांगेत असतो, सेट_की ची कमांड वेगळ्या वाटेने जाते आणि त्याच्या पुढे निघते. मग संदेश ४ एन्क्रिप्ट होऊन बाहेर पडतो. अॅक्सेस पॉइंटने अजून की बसवलेली नसते, म्हणून तो फ्रेम टाकून देतो आणि संदेश ३ पुन्हा धाडतो. शेवटी कारण क्रमांक १५ (हँडशेकची वेळ संपली) देऊन जोडणी तोडतो. गच्च चॅनेलवर फ्रेम रांगेत जास्त वेळ अडकते, म्हणून सीताबर्डीत जास्त.

एन्क्रिप्ट करायचं की नाही हे फ्रेमच्या डिस्क्रिप्टरमध्ये (फ्रेमसोबत चिपला जाणाऱ्या माहितीत) लिहा: कंट्रोल.एचडब्ल्यू_की नल असेल तर नाही. फर्मवेअर स्वतःच ठरवत असेल, तर सेट_की आधी त्या स्टेशनची डेटा रांग रिकामी होऊ द्या. नुसतं एसडीआयओवर लिहून झालं म्हणजे फ्रेम गेली असं धरू नका, टीएक्स स्टेटस (पाठवणीचा चिपने कळवलेला निकाल) यायला हवा.

बर्डी_कर्नेल
वर्क काढून कमांड थेट पाठवल्या, तर आता प्रत्येक कमांड टाइमआउट होते.

अंबाझरी_ड्रायव्हर
एसडीआयओ_क्लेम_होस्ट (बसच्या होस्टचा ताबा) धरून उत्तराची वाट बघत असाल. उत्तर आणणाऱ्या इंटरप्ट थ्रेडलाही तोच होस्ट लागतो, दोघेही अडकतात. क्लेम करा, लिहा, सोडा, मगच वेट_फॉर_कम्प्लिशन_टाइमआउट ने उत्तराची वाट बघा. कमांडचा म्यूटेक्स (एका वेळी एकच कमांड जाऊ देणारं कुलूप) मात्र उत्तर येईपर्यंत धरून ठेवा, आणि तो इंटरप्टच्या वाटेत घेऊ नका.

प्रत्येक कमांडला अनुक्रमांक द्या, उत्तरात तोच आहे का ते बघा. टाइमआउटनंतर उशिरा आलेलं उत्तर पुढच्या कमांडचं समजलं गेलं की तिथून सगळी उत्तरं एका घराने सरकतात, आणि हा घोळ लॉगमध्ये सहजी सापडत नाही. टाइमआउट झालाच तर पुढच्या कमांड थांबवा, फर्मवेअर नव्याने चढवा आणि आयईईई८०२११_रीस्टार्ट_एचडब्ल्यू (मॅक८०२११ ला सगळी अवस्था पुन्हा बसवायला लावणारा कॉल) बोलवा. बीएसएस_इन्फो_चेंज्ड काहीच परत देत नाही, त्यामुळे चूक वर कळवायला दुसरी वाट नाही.

सक्करदरा_पॅकेट
ट्रेस-सीएमडी (कर्नेलमधल्या घटना वेळेसह नोंदवणारं साधन) मध्ये मॅक८०२११ आणि सीएफजी८०२११ (त्याच्या वरचा कॉन्फिगरेशनचा थर) चे इव्हेंट चालू करा, एसडीआयओवर लिहिताना अनुक्रमांकाचा एक ट्रेसपॉइंट स्वतःचा घाला. दोन्ही एकाच वेळपट्टीवर आले की क्रम कुठे फिरतो ते ओळीवर बोट ठेवून दाखवता येईल. तो ट्रेस इथे टाका, सेट_की च्या आसपासचा भाग बघू.