५ टक्क्यांची मर्यादा नेमकी कोणाला?

असं म्हटलं जातं की सीएसआर अनुदानात, म्हणजे कंपन्या सामाजिक कामासाठी देतात त्या निधीत, संस्थेला व्यवस्थापनखर्च ५ टक्क्यांहून जास्त मागता येत नाही. हा समज चुकीचा आहे, आणि त्यापायी वस्तीपातळीवरच्या संस्था स्वतःच कमी रक्कम मागतात. २०२१ च्या सीएसआर नियमांतली ती मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर प्रशासनखर्चावर आहे. प्रकल्पावर थेट काम करणाऱ्या कार्यकर्त्यांचं मानधन, देखरेख, मूल्यमापन हा प्रकल्पखर्चच. अंदाजपत्रकात तो उघडपणे मांडा, 'इतर' या सदरात लपवू नका. माणसांचे पगार न देता वस्तीत काम उभं राहत नाही, हे कंपन्यांना ठामपणे सांगायलाच हवं.

खरी अडचण वेगळीच आहे: सीएसआर-१ (सीएसआर निधी घेण्यासाठी संस्थेची सरकारकडे नोंदणी), १२ए आणि ८०जी (संस्थेला व देणगीदाराला करसवलत देणाऱ्या आयकर नोंदण्या) आणि वर तीन वर्षांच्या कामाचा पुरावा. नव्या मंडळांनी तोवर नोंदणीकृत संस्थेसोबत काम करावं, पण लेखी करारानेच.