१ ऑगस्ट : फळ्यावर काय लिहू?

शाळेत दिनविशेष लिहायचं काम माझ्याकडे आहे. फळा जेमतेम दोन हात रुंद. १ ऑगस्ट १९२० ला मुंबईत सरदारगृहात लोकमान्य गेले, त्याच दिवशी वाटेगावात अण्णाभाऊ साठे जन्मले. दोघांनाही नीट जागा द्यायचीय. आणखी काही?

» असहकार चळवळही त्याच दिवशी सुरू झाली. तेवढी एक ओळ हवीच.

» वाटेगाव वाळवा तालुक्यातलं, माझ्या माहेराजवळचं. अण्णाभाऊ शाळेत जेमतेम दीड दिवस गेले, हे आवर्जून लिहा. मी वर्गात सांगितलं तेव्हा मागच्या बाकावरची पोरं ताठ बसली होती.

» ताई, ही ओळ रंगीत खडूनं लिहिते. लोकमान्यांपुढे गिरगाव चौपाटी लिहीन. अंत्यसंस्कार तिथंच झाले.