मदत हवी आहे: बाइकवर दोघं, तंबू आणि मासेमारीचा लांब रॉड

मी आणि बाबा एकाच बाइकवर मासेमारीला निघतोय, मुक्काम तंबूत. बाबा मागे बसणार. तंबू, स्लीपिंग बॅगा साइड बॅगांत बसल्या, जड सामान तळाशी घातलं, टायरची हवाही पूर्ण लोडप्रमाणे भरली. अडलंय ते रॉडपाशी. सात फुटी, दोन तुकड्यांचा. सोडवला तरी साडेतीन फूट उरतोच. पीव्हीसी पाइपात घालून आडवा बांधला तर दोन्हीकडे बाहेर येतो, उभा बांधला तर बाबांच्या पाठीला टोचतो, आणि खड्ड्यात टोकाची नाजूक रिंग आत आपटते ती वेगळीच. टेलिस्कोपिक (एकात एक सरकून आखूड होणारा) घ्या म्हणू नका, बाबा जुना रॉड सोडणार नाहीत (विचारून झालंय). सायलेन्सरच्या विरुद्ध बाजूला, साइड बॅगेच्या बाहेरून पाइप तिरका बांधून कोणी लांब गेलंय का? इंडिकेटर न झाकता पट्टे नेमके कुठे आवळायचे?