मदत हवी आहे: कोरोउओमाचे गोठलेले धबधबे, सत्तरीला टेकलेले सासू-सासरे आणि शेकोटीवरचं उपासाचं जेवण

एस्पोकर

नमस्कार मंडळी,

आम्ही फिनलंडमध्ये, एस्पोला राहतो. फेब्रुवारीच्या मध्यावर सासू-सासरे सांगलीहून येत आहेत. सासूबाईंना धबधब्यांचं मनापासून वेड आहे. पावसाळा लागला की आंबोली, ठोसेघर ठरलेलं. इथल्या उत्तरेकडच्या लॅपलंडमधल्या कोरोउओमाच्या गोठलेल्या धबधब्यांचे फोटो नवऱ्याने त्यांना पाठवले, तेव्हापासून दर फोनला पहिला प्रश्न तोच असतो. सांताक्लॉजचं गाव, हस्की कुत्र्यांची गाडी, काचेची घरं यातलं त्यांना काहीही नकोय. हे एकच हवंय, आणि ते त्यांना नीट बघायला मिळावं अशी माझी फार इच्छा आहे.

रोवानिएमी या तिथल्या शहरातून वाटाड्यासोबतच्या दिवसभराच्या सहली निघतात. सकाळी हॉटेलवरून गाडी, दरीत उतरून साधारण 5 किलोमीटरची गोल वाट, मध्ये लाकडी आडोशात शेकोटी आणि तिथेच जेवण. माणशी शंभर युरोंच्या पुढेच दर आहेत. पैशांचा प्रश्न नाही, माझ्या काळज्या वेगळ्या आहेत.

बाबा 69 वर्षांचे. बीपीची गोळी चालू आहे, उजवा गुडघा उतारावर दुखतो. सपाटीवर रोज तासभर चालतात. आई 64 च्या, चालायला काटक, पण बर्फावर कधीच चाललेल्या नाहीत.

दुसरं जेवण. दोघं पक्के शाकाहारी, अंडंही नाही. शेकोटीवर इथे सॉसेजच भाजतात. एका सहलवाल्यांना विचारलं तर त्यांनी शाकाहारी पाहुण्यांना मासा देऊ असं कळवलं! त्यातून आमची लॅपलंडची तारीख नेमकी महाशिवरात्रीला येतेय. आई उपास सोडणार नाहीत आणि मी सोडा म्हणणारही नाही.

तिसरं म्हणजे वाटाड्या घ्यावा की भाड्याची गाडी घेऊन आपलं आपण जावं? नवरा दुसऱ्या मताचा आहे.

वयस्कर माणसांना घेऊन कोणी गेलं असेल तर कृपया सविस्तर सांगा.

---

औलूची_अनुजा

आम्ही औलूला राहतो, कोरोउओमाला हिवाळ्यात जाणं होतं. माझे आईवडीलही येऊन गेलेत, म्हणून जरा लांबण लावते.

आधी जागेविषयी, म्हणजे काय बघायला मिळणार ते आईंना सांगता येईल. कोरोउओमा पोसियो तालुक्यात आहे, रोवानिएमीपासून 100 किलोमीटरच्या आसपास, गाडीने दीड तास. खडकातल्या भेगेतून तयार झालेली सुमारे 30 किलोमीटर लांबीची दरी आहे, काही ठिकाणी 100 मीटरहून खोल. तळाशी कोरोयोकी नदी वाहते. उन्हाळ्यात तिथे गेलात तर धबधबे शोधावे लागतील, कड्यावरून बारीक ओघळ येतात इतकंच. हिवाळ्यात मात्र तेच झिरपणारं पाणी थरावर थर गोठत जातं आणि कड्याच्या कडा बर्फाने भरून जातात. सगळ्यात उंच भिंत 60 मीटरच्या घरात जाते. आंबोलीसारखा आवाज तिथे नसेल, हे आईंना आधीच सांगा.

रंगही एक नाही. काही भिंती निळसर, काही हिरवट. ‘रुस्केआ व्हिर्ता’ नावाची एक तर चक्क तपकिरी-पिवळी आहे, कारण तिथलं पाणी दलदलीतून येताना पालापाचोळ्याचा रंग घेऊन येतं. माझी आई तिथून हलायला तयार नव्हती.

आता वाट. वाट लांब नाही, पण पार्किंग वर आणि धबधबे खाली, म्हणजे आधी उतार आणि शेवटी दमलेले असताना चढ. उतार तीव्र आहे. लोकांच्या पायांनी तुडवून बर्फ घट्ट होतो, मग तो गुळगुळीत होतो. बुटांना आइस ग्रिप (बुटाखाली चढवायचे खिळेदार पट्टे) लावल्याशिवाय कोणालाही उतरू देऊ नका, तुमच्या नवऱ्यालासुद्धा. दोन्ही हातांत काठ्या हव्यात. बाबांच्या गुडघ्याची खरी परीक्षा पहिल्या अर्ध्या तासातच आहे.

वाटाड्या घ्याच. पण आठ जणांच्या गाडीत जागा घेऊन जायची सहल घेऊ नका, फक्त तुमच्या कुटुंबासाठी वाटाड्या मिळतो का ते विचारा. महाग पडेल. मात्र गटात बाकीचे तरुण असले की बाबा संकोचाने थांबायचे नाहीत, दम लागला तरी चालत राहतील. आपल्या वडीलधाऱ्यांचा हा स्वभाव आपल्याला माहीत आहे. स्वतंत्र वाटाड्या असेल तर अर्ध्यातून परत फिरायचंही स्वातंत्र्य राहतं.

---

एस्पोकर

अनुजाताई, खूप खूप आभार. बाबांच्या संकोचाबद्दल अगदी बरोबर लिहिलंत, मला हे सुचलंच नव्हतं. स्वतंत्र वाटाड्यासाठी आजच दोघांना ईमेल केलं.

फेब्रुवारीत उजेड किती असतो? नवरा म्हणतो चार वाजताच अंधार पडतो.

---

औलूची_अनुजा

तो डिसेंबरचा हिशोब. 21-22 डिसेंबरच्या सुमारास रोवानिएमीला सूर्य जेमतेम दोन-सव्वादोन तास वर असतो. फेब्रुवारीच्या मध्यात आठ तासांहून जास्त मिळतो. धबधब्यांसाठी फेब्रुवारी-मार्च हाच उत्तम काळ: बर्फ पूर्ण भरलेला असतो आणि उजेडही. एप्रिलमध्ये ऊन चढायला लागलं की बर्फाचे तुकडे सुटतात, मग भिंतीखाली उभं राहणं धोक्याचं. एरवीही वर बर्फारोहण करणारे असतील तर त्यांच्या खाली फोटोसाठी थांबू नका.

---

भटकता_वैद्य

मी पुण्यात फिजिशियन आहे. तिथे गेलेलो नाही, पण लडाखला हिवाळ्यात रुग्ण पाहिले आहेत, म्हणून तेवढ्यापुरतं लिहितो.

थंडीत त्वचेजवळच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि बीपी वाढतं. त्यात चढ आला की हृदयावर दुहेरी ताण येतो. बाबांचं बीपी सध्या किती राहतं, ते महत्त्वाचं. निघण्याआधी त्यांच्या डॉक्टरांना ‘उणे 20 मध्ये दोन-तीन तास चढउतार’ असं स्पष्ट सांगून सल्ला घ्या. ‘फिरायला चाललोय’ एवढंच सांगितलं तर डॉक्टर हो म्हणतील. छातीत दडपण, जबड्यात किंवा डाव्या हातात दुखणं, नेहमीपेक्षा जास्त धाप, यातलं काहीही झालं तर तिथेच थांबायचं.

रक्त पातळ ठेवणारी गोळी चालू असेल तर वाटाड्याला सांगून ठेवा, कारण मग साधं पडणंही साधं राहत नाही. मधुमेह असल्याचं तुम्ही लिहिलं नाहीत, पण हे वाचणाऱ्या इतरांसाठी: इन्सुलिन गोठलं की निकामी होतं. ते पिशवीत न ठेवता आतल्या कपड्याच्या खिशात, अंगाजवळ ठेवावं.

आणि विमा. शेंगेन व्हिसासाठी किमान 30,000 युरोंचा विमा लागतोच, पण अनेक पॉलिसींमध्ये आधीपासूनच्या आजाराचा खर्च धरत नाहीत. बीपी कागदावर दाखवून, ते धरणारी पॉलिसी घ्या. हे मी कळकळीने सांगतोय.

---

चुलीपाशी

ताई, उपासाचं मी सांगते! मी स्वीडनला, किरुनाजवळ राहते. आमच्याकडेही रानातल्या शेकोटीवर सगळे सॉसेजच भाजतात आणि आमचं घर वारकऱ्याचं, त्यामुळे ही सगळी वाट चालून झाली आहे.

महाशिवरात्रीला रताळी! आणि रताळ्यासाठी निखाऱ्यापेक्षा चांगली जागा कुठली? इथल्या दुकानांत नारिंगी गराची मोठी रताळी मिळतात, आपल्यापेक्षा ओलसर आणि जास्त गोड. पण कच्ची नेऊ नका. अख्खं रताळं निखाऱ्यात भाजायला पाऊण-एक तास लागतो आणि सहलीत शेकोटीपाशी तेवढा वेळ मिळतोच असं नाही. आदल्या रात्री अर्धवट उकडा, फॉइलच्या दुहेरी थरात गुंडाळा आणि तिथे ज्वाळेत न ठेवता बाजूच्या निखाऱ्यात सरका. वीस मिनिटांत साल करपून आत मऊ होतं. वरून मीठ आणि जिरेपूड.

जाळीचं लक्षात ठेवा. शेकोटीवरची लोखंडी जाळी सगळ्यांची असते आणि तिच्यावर चरबी असतेच. आईंना ते चालणार नाही. वाटाड्याला आधीच कळवा, तो वेगळी काठी किंवा छोटा तवा आणतो का बघा. नाहीतर स्वतःचा लहान लोखंडी तवा न्या. आमचा नेहमी पिशवीत असतो.

थर्मासमध्ये साबुदाण्याची खिचडी नेऊ नका, उघडेपर्यंत गोळा होतो आणि उघडल्यावर दोन मिनिटांत गार. त्यापेक्षा दाण्याची पातळ आमटी थर्मासमध्ये आणि वरीचा भात डब्यात, डबा लोकरीच्या टोपीत गुंडाळून. राजगिऱ्याच्या वड्या जॅकेटच्या आतल्या खिशात ठेवा, बाहेरच्या खिशात दगड होतात.

सांगलीहून येताना त्यांना साजूक तूप, पेढे, पनीर आणू देऊ नका. युरोपीय संघाबाहेरून दुधाचे पदार्थ सामानात आणता येत नाहीत, विमानतळावर काढून घेतात. तूप इथल्या लोण्याचं घरी कढवा, सुंदर होतं. राजगिरा, वरी, साबुदाणा तुम्हाला हेलसिंकीच्या भारतीय दुकानात मिळेल.

अजून एक. फिनलंडमध्ये ‘लेइपायुस्तो’ नावाचं भाजलेलं चीज शाकाहारी म्हणून प्रेमाने पुढे करतात. चीज करताना दूध घट्ट व्हायला घालतात ते रेनेट पारंपरिक पद्धतीत वासराच्या पोटातलं असतं. पाकीट वाचूनच आईंना द्या.

---

एस्पोकर

ताई, डोळ्यांत पाणी आलं हो वाचून. निखाऱ्यात रताळी! आईंना फोनवर सांगितलं तर म्हणाल्या, “मग तिथेच शंकराला नैवेद्य दाखवू.” लेइपायुस्तोचं मला इतकी वर्षं इथे राहून माहीत नव्हतं.

एका वाटाड्याचं उत्तर आलंय, फक्त आमच्या चौघांसाठी यायला तयार आहे. जेवणाचं सगळं आमचं आम्ही आणू म्हटलं तर त्याची हरकत नाही. नवरा अजून म्हणतोय की लाकडं तिथे फुकट असतात, शेकोटी आपणही पेटवू शकतो.

---

रानवाट

तुमच्या नवऱ्यासाठी लिहितो. लाकडं असतात हे खरं. त्या भागातल्या वाटांची, आडोशांची आणि लाकडांची व्यवस्था मेत्साहल्लितुस हे सरकारी वनखातं पाहतं. फिनलंडमध्ये कोणाच्याही रानातून चालायला, बेरी वेचायला परवानगी लागत नाही, पण विस्तव पेटवायला जमीनमालकाची परवानगी लागते. म्हणून शेकोटी ठरवून दिलेल्या जागीच. लाकडाचे ओंडके असतात, ते फोडावे लागतात. उणे 20 ला हातमोजे काढून बर्चच्या सालीने जाळ धरवायचा, मागे आईवडील कुडकुडत उभे, ही वेळ शिकायची नव्हे. स्वतः जायचं तर दोघांनीच एकदा जाऊन या.

गाडीचंही आहे. रस्त्यावर बर्फ, संध्याकाळी रेनडिअर आडवे येतात. फोनची बॅटरी थंडीत झपाट्याने उतरते आणि दरीत नेटवर्कवर भिस्त ठेवता येत नाही. ‘112 सुओमी’ ॲप सगळ्यांच्या फोनमध्ये घालून ठेवा, त्यावरून फोन केला की तुमची जागा मदतकेंद्राला कळते.

आणि बाबांच्या गुडघ्यासाठी एक दुसरी जागा हाताशी ठेवा: औत्तिक्योंगास. रोवानिएमीहून कोरोउओमाच्याच दिशेला, औत्ती गावाजवळ. धबधबा 16 मीटरचा, पार्किंगपासून जवळ. तिथेही आडोसा आणि शेकोटीची जागा आहे. पूर्वी लाकडाचे ओंडके नदीतून वाहून नेत, त्यासाठी बांधलेली जुनी लाकडी पन्हळही बघायला मिळते. भव्यतेत कोरोउओमाशी बरोबरी नाही. पण त्या दिवशी बाबांचं बीपी जास्त असेल तर सगळा बेत रद्द करावा लागणार नाही.

---

एस्पोकर

रानवाट दादा, तुमचा प्रतिसाद नवऱ्याला वाचून दाखवला. वाटाड्या नक्की झाला. औत्तिक्योंगासचं त्यालाच विचारलं, तर सकाळी बाबांना बघून ठरवू म्हणाला, पैसे तेवढेच.

आता शेवटचं, कपड्यांचं. सहलीत एकसंध गरम सूट आणि बूट मिळतात. आई आयुष्यभर साडीच नेसल्या आहेत. सलवार घालायला तयार आहेत, पण तो सूट घालून स्वच्छतागृहात जायचं कसं हे त्यांनी मला हळूच विचारलं.

---

औलूची_अनुजा

अगदी रास्त प्रश्न. शेकोटीजवळ कोरडं शौचालय असतं, पाणी नसतं, आत बाहेरइतकीच थंडी असते. एकसंध सूट पूर्ण खाली करावा लागतो, बाह्या जमिनीला लागतात. आईंसाठी वेगळी जाड पँट आणि लांब जॅकेट मागा, बहुतेक सहलवाल्यांकडे असतं. कागद आणि निर्जंतुक पुसण्या स्वतःच्या न्या. वापरलेल्या पुसण्या तिथे टाकायच्या नाहीत, पिशवीत घालून परत आणायच्या.

आत सुती काहीही नको. घामाने ओलं झालं की वाळत नाही आणि शेकोटीपाशी बसल्यावर हुडहुडी भरते. लोकरीचे आतले कपडे, लोकरीचे मोजे, बूट एक माप मोठे. घट्ट बुटात दोन जोड मोजे घातले तर पाय जास्त गार पडतात. चालताना थोडी थंडी वाजली तर चालेल, जास्तीचं जाड जॅकेट पिशवीत ठेवा आणि बसल्याबरोबर अंगावर चढवा. बसायला फोमचा तुकडा हवा.

आईंच्या हातातल्या बांगड्या आणि तोडे हातमोज्याच्या आत गार पडून टोचतात. मंगळसूत्र आत, लोकरीखाली राहू दे. बांगड्यांचं त्यांच्याशी आधीच बोलून घ्या, ऐन वाटेवर नको.

---

चुलीपाशी

आणि रताळी चौघांना चार नको, सहा न्या. वाटाड्याही मागेल.