मदत हवी आहे : ट्रकच्या टाकीत डिझेल नीट भरता येत नाही आणि काटाही चुकीचा दाखवतो

सर्वांना नमस्कार.

माझ्याकडे १९९९ सालचा सहाचाकी ट्रक असून गेली अकरा वर्षे मी तो स्वतः चालवतो. लासलगावचा कांदा वाशीला नेणे हे माझे मुख्य काम. दीड महिन्यापूर्वी डिझेल टाकीचे पट्टे गंजून तुटायला आले होते, म्हणून टाकी खाली उतरवली. उतरवलीच आहे तर रंगवूनही घ्यावी असे ठरले आणि दोनदा डिझेलची चोरी झाल्यामुळे टाकीच्या तोंडात चोरी रोखणारी जाळीही बसवून घेतली. टाकी पुन्हा चढवल्यापासून दोन दुखणी मागे लागली आहेत.

पहिले असे, की पंपावर नोझल लावल्यावर दहा-बारा लिटर गेले की ते खट् करून बंद पडते. थोडे थांबून पुन्हा दाबले की पाच लिटर जातात आणि पुन्हा तेच. जाळीतून पांढरा फेस वर येताना डोळ्यांना दिसतो. शंभर लिटर भरायला अर्धा तास लागतो आणि मागे गाड्यांची रांग लागते.

दुसरे दुखणे अधिक काळजीचे आहे. डॅशबोर्डवरचा काटा पाव टाकी दाखवत असताना, घोटीच्या अलीकडे अगदी सपाट रस्त्यावर, भरल्या मालासह गाडी बंद पडली. टाकीत काठी घालून पाहिले तर तळाशी जेमतेम बोटभर डिझेल होते. दुसऱ्या गाडीवाल्याने कॅनमधून डिझेल दिले, इंजिनाकडे डिझेल ओढणाऱ्या फीड पंपाचा हातपंप मारून नळीत शिरलेली एअर काढली आणि तासाभराने निघालो. तेव्हापासून मी काठीवरच विसंबतो. टाकी आतून ८० सेंटिमीटर लांब आणि ४५ रुंद आहे, त्यामुळे काठीवरचा एक सेंटिमीटर म्हणजे साधारण ३.६ लिटर, असा हिशेब मी मांडला आहे.

आतापर्यंत केलेली तपासणी सांगतो. फ्लोट, म्हणजे टाकीतली पातळी काट्याला कळवणारा तरंगता भाग, बाहेर काढून विजेचा अडथळा (ओहम) मोजायला मल्टिमीटर लावला. दांडी खाली असताना सुमारे १० ओहम, पूर्ण वर असताना सुमारे १८०, आणि मध्ये कुठेही आकडा तुटत नाही. फ्लोटची वायर क्षणभर चेसिसला टेकवली की काटा शून्यावर येतो, वायर मोकळी सोडली की पूर्ण भरलेली टाकी दाखवतो. वायरमन म्हणतो की फ्लोट नवा घ्या, आणि गॅरेजवाले म्हणतात की टाकीचे तोंड कापून मोठे करू. पैसे घालण्याआधी जाणकारांनी कृपया सांगावे, की या दोन दुखण्यांचे मूळ एकच आहे की वेगवेगळी आहेत?

—

प्रतिसाद १

नमस्कार दादा. तुम्ही इतके नेमके लिहिले आहे की उत्तर बरेचसे त्यातच आहे. फ्लोट आणि काटा दोन्ही ठीक आहेत, नवा फ्लोट घेऊ नका. तुमच्या काट्याला ओहम वाढले की टाकी भरलेली वाटते. फ्लोटमधला करंट टाकीच्या पत्र्यातून चेसिसला जातो, आणि आता टाकीवर रंगाचा जाड थर आहे, पट्ट्यांखाली बहुधा नवी रबरपट्टीही असेल. त्या वाटेत चाळीस-पंचेचाळीस ओहमचा अडथळा आला तरी रिकामी टाकी पाव भरलेली दिसते. मल्टिमीटरचे एक टोक फ्लोट टाकीवर ज्या चकतीने बसवलेला असतो त्या चकतीला आणि दुसरे चेसिसच्या कोऱ्या लोखंडाला लावा. तिथे एक ओहमपेक्षा कमी यायला हवे. जास्त आल्यास चकतीच्या एका स्क्रूपाशी रंग घासून काढा आणि तिथून चेसिसपर्यंत स्वतंत्र अर्थची वायर ओढा.

नोझलच्या टोकाशी एक बारीक छिद्र असते. भरताना त्यातून हवा ओढली जाते. डिझेलने किंवा फेसाने ते झाकले गेले की आत ओढ वाढून नोझल आपोआप बंद होते. तुमची जाळी डिझेल जितक्या वेगाने यावे तितक्या वेगाने खाली सोडत नाही, म्हणून फेस तोंडाशीच साचतो. ब्रीदरची, म्हणजे टाकीत हवा ये-जा करू देणारी, नळीही फुंकून पाहा. रंग देताना ती बुजते, आणि उघड्यावर पडलेल्या टाकीच्या नळीत कुंभारमाशी मातीचे घर करते, हे मी दोन गाड्यांत पाहिले आहे. झाकण उघडताना आत हवा ओढल्याचा आवाज आला तर ब्रीदर बंद आहे, असेच समजा.

एक गोष्ट मात्र हात जोडून सांगतो. त्या टाकीला कटर किंवा वेल्डिंग लावू देऊ नका. आपल्याकडच्या डिझेलची वाफ ३५ अंशांच्या पुढे ठिणगीने पेट घेऊ शकते, उन्हात उभ्या गाडीची टाकी त्याहून तापते, आणि रिकाम्या टाकीत वाफेला जागा जास्त असल्याने ती भरलेल्या टाकीपेक्षा धोकादायक असते. जाळी बाहेर काढून त्याच पंपावर, त्याच वेगाने वीस लिटर भरून पाहा. नोझल थांबले नाही तर दोष जाळीचा.

—

मूळ लेखक

मनापासून आभार. चकती आणि चेसिस यांच्यामध्ये ४३ ओहम आले! पट्ट्यांखाली खरोखरच नवी रबरपट्टी आहे. बॅटरीचे टर्मिनल काढून, पॉलिश पेपरने स्क्रूभोवतीचा रंग घासला आणि अर्थची वायर ओढली, आता ०.३ ओहम येतात. काल काठीवर ११ सेंटिमीटर डिझेल होते आणि काटा पावाच्या किंचित खाली होता, म्हणजे हिशेब जुळला. ब्रीदरमध्ये मातीचे घर नव्हते, पण नळीचे तोंड रंगाने अर्धे बुजले होते, ते तारेने मोकळे केले.

तरीही जाळीसह नोझल पंधरा लिटरांवर बंद पडले. जाळी काढल्यावर तीस लिटर एका दमात गेले. तोंड कापण्याचा विचार सोडला आहे. या जाळीची भोके जेमतेम चार मिलिमीटरची आहेत. चोराची नळी आत जाणार नाही आणि फेसही तुंबणार नाही अशी, मोठ्या भोकांची किंवा खोलवर उतरणारी जाळी कोणी वापरत असल्यास भोकाचे आणि खोलीचे माप कृपया कळवावे.